सिगारच्या खोक्यांची पवनचक्की

सॉल्टरफेन, लिंकनशायर
४ मे १९७४

प्रिय क्लिफर्ड,

आपल्या शिशाच्या सैनिकांची यंदाची लढाई नेहमीप्रमाणे ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे २६ तारखेला, चॅपलच्या रविवारशाळेच्या खोलीत ठरवली आहे. पिंगपाँगची दोन टेबलं जोडून मैदान मांडायला मी सुरुवातही केली. या वेळी गव्हाची शेतं बघशील तर तुझे फ्रेंच सैनिक बंदुका टाकून कापणीला लागतील. काथ्याचं पायपुसणं कापून केली आहेत. दोन पायपुसणी बाजारातून आणली, तिसरं चॅपलच्या दारातलं होतं. पाळकांच्या बायकोने विचारलं, "रूबेन, पायपुसणं कुठे गेलं हो?" मी म्हटलं, "सत्कारणी लागलं." खोटं नाही बोललो.

गवतासाठी भुसा हिरवा रंगवला. त्यासाठी घेतलेलं पातेलं बाबांच्या सकाळच्या लापशीचं निघालं. तीन दिवस त्यांनी हिरवी लापशी खाल्ली आणि चौथ्या दिवशी विचारलं, "तू मला चारतोयस की चरायला सोडतोयस?"

एक सुचवायचं होतं. गेल्या वर्षी पाहिलं, तुझ्या ग्रेनेडियर पलटणीचा रंग फारच उडाला आहे. त्या उंच केसाळ टोप्या आता टक्कल पडल्यासारख्या दिसतात. चोवीसच तर सैनिक आहेत. खोक्यात घालून पाठव, मी रंगवून देतो. बहिणीच्या नवऱ्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे?

आणि हो, येताना बाबांची पवनचक्की आणायला विसरू नकोस. दोन वर्षं तुझ्याकडे आहे. मैदानाच्या मधोमध टेकडी केली आहे, तिथेच ती उभी करू.

तुझा,
रूबेन


सॉल्टरफेन
४ मे १९७४

प्रिय एनिड,

क्लिफर्डला आजच वेगळं पत्र टाकलं आहे. ते त्याला वाचू दे. हे मात्र तुझ्यापुरतंच ठेव.

बाबांना घेऊन मंगळवारी लिंकनला गेलो होतो. डावा डोळा गेल्यात जमा आहे. उजव्याची शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये करायची म्हणतात, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तिने फार तर थोडे महिने मिळतील. नाताळपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच कळेल. बाबा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना काही ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "डोळे आहेत तोवर मला माझी चक्की एकदा हातात हवी."

मी म्हटलं, क्लिफर्डला एक ओळ लिहितो, उद्या पार्सलने पाठवेल. तर भडकले. "मीच नियम केला ना? जिंकेल त्याच्या घरी वर्षभर चक्की. मग मीच भीक मागू? जिंकून आण. आणि माझ्या डोळ्यांबद्दल क्लिफर्डला एक अक्षर कळता कामा नये." बायबलवर हात ठेवायला लावला मला. बसमध्ये बायबल नव्हतं, म्हणून भजनाच्या पुस्तकावर ठेवला.

त्यांनी क्लिफर्डचं नाव घेतलं, तुझं नाही घेतलं. म्हणून हे लिहितो आहे.

मला ही लढाई जिंकायलाच हवी, एनिड. आणि तुझा नवरा किती चांगला खेळतो हे तुला माहीत आहे.

तुझा भाऊ,
रूबेन


केंडल
१२ मे १९७४

प्रिय रूबेन,

पत्र वाचून मी इतका हसलो की हातातली कवळी खाली पडली. माझी नव्हे, मिसेस ब्रेथवेट यांची. वरच्या दोन दाढा तुटल्या. आता पुन्हा साचा घ्यावा लागणार, आणि त्याचं पाप तुझ्या माथी.

माझे ग्रेनेडियर तू रंगवून देणार? अरे, नवा रंग लागलेली पलटण पहिल्याच लढाईत पाठ दाखवते, हे आपल्या खेळातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. ६७ साली मी नवे निळे घोडेस्वार मांडले, ते पहिली गोळी सुटायच्या आत टेबलावरून उतरले होते. ७० साली तुझे हिरवे कोटवाले बंदूकधारी! फाशांवर लागोपाठ तीन एक्के पडले तुझ्या. नवा रंग म्हणजे पळपुटेपणा, हा या खेळाचा पहिला नियम आहे. आणि तू, चॅपलचा कारभारी, प्रार्थनेत डोळे मिटून बसणारा माणूस, माझ्या सैन्याला फितवायला निघालास? माझे ग्रेनेडियर टकले आहेत तसेच येतील. गेली नऊ वर्षं ते एकदाही पळालेले नाहीत.

मैदान छान होत असेल. मी दोन तोफा नव्या ओतल्या आहेत. दातांच्या साच्याच्या प्लास्टरमध्ये शिसं इतकं सुबक उतरतं की तोफेच्या चाकाचे आरे मोजून घे. सैनिकांच्या गालांना यंदा कवळीच्या हिरड्यांचा गुलाबी रंग दिला आहे. सगळे कसे नुकतेच जेवून उठल्यासारखे दिसतात. (रंग फक्त गालांना. गाल म्हणजे पलटण नव्हे. मी ते तपासून घेतलं आहे.)

पवनचक्की सुखरूप आहे. घोंगडीत गुंडाळून कपाटात ठेवली आहे. पण मी म्हणतो, ती इतक्या लांब वाहून कशाला आणायची? जिंकणार मीच. आगगाडीत दोनदा हेलकावे खाऊन तिचं एखादं पातं मोडलं तर सासरेबुवा मला दारात उभं करणार नाहीत. या वर्षी टेकडीवर नुसता एक दगड ठेवू आणि तिला चक्की म्हणू.

तुझा,
क्लिफर्ड


केंडल
२ जून १९७४

प्रिय रूबेन,

तुझं पत्र पिठाच्या डब्यात लपवलं आहे. रोज पोळपाट घेतला की रडू येतं, म्हणून घरात महिनाभर विकतचा पाव चालू आहे.

मी क्लिफर्डला काही सांगितलेलं नाही. पण इथेही काहीतरी शिजतंय. एप्रिलपासून तो शेडला आतून कडी लावून बसतो. मी चहा घेऊन गेले की म्हणतो, "खिडकीत ठेव." काल विचारलं, "आत काय चाललंय?" तर म्हणाला, "तोफा." तोफांना खिडक्या कशा असतात रे? त्याच्या बाहीला चिमुकल्या खिडकीच्या चौकटीसारखा प्लास्टरचा तुकडा चिकटला होता. तीस वर्षांच्या संसारात काय विचारू नये, तेवढं तरी कळलं आहे.

आता काम ऐक. सोबतच्या बिस्किटांच्या डब्यात कागदाखाली बघ. चोवीसच्या चोवीस ग्रेनेडियर आहेत. क्लिफर्ड त्यांना ऑगस्टपर्यंत हात लावत नाही, कारण हात लावला की नशीब घासून जातं म्हणे. त्यांच्या खोक्यात मी चोवीस कपड्यांचे चिमटे ठेवले आहेत. वजन साधारण तेवढंच भरतं.

तू त्यांचं काय करायचं ते कर. मी विचारणार नाही. पण जुलै संपायच्या आत परत पाठव. मला कपडे वाळत घालायला चिमटे लागतात.

तुझी बहीण,
एनिड

ता. क. क्लिफर्डने चक्की आणलीच पाहिजे, असं त्याला नीट ठणकावून लिही. तू बोलत नाहीस, नुसता सुचवत बसतोस. लहानपणापासून तुझं असंच आहे.


सॉल्टरफेन
१४ जुलै १९७४

प्रिय एनिड,

ग्रेनेडियर परत पाठवतो आहे. मी फार काही केलेलं नाही. फक्त कोटांच्या मागच्या शेपट्या, त्याही पहिल्याच निळ्या रंगाने, पहिल्याइतक्याच मळकट करून रंगवल्या. क्लिफर्ड भिंग लावून बसला तरी त्याला कळायचं नाही. पण पलटणीला कळेल.

तू म्हणशील, रूबेन, तू तर देवावर भरवसा ठेवणारा, या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतोस? नाही ठेवत. फासे लाकडाचे असतात आणि लाकडाला रंग दिसत नाही. मग यात लबाडी कसली? विश्वास नसलेल्या गोष्टीचा उपयोग करणं हे पाप असेल, असं मला शास्त्रात कुठे सापडलं नाही. सापडलं असतं तरी शेपट्या रंगवून झाल्या होत्या.

क्लिफर्डला ठणकावून लिहिलं आहे की चक्की मैदानात नसेल तर लढाई नाही. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं, "आणतो. पण तिला हात लावायचा नाही, रंग ओला आहे." बाबांनी चक्की करून त्रेचाळीस वर्षं झाली, तरी रंग ओलाच! मी चार वेळा वाचलं.

बाबांची शस्त्रक्रिया वीस ऑगस्टला आहे. लढाईच्या दिवशी ते लिंकनच्या इस्पितळातच असतील. क्लिफर्डला मी मोतीबिंदू म्हणून सांगितलं आहे.

रूबेन


सॉल्टरफेन
२९ ऑगस्ट १९७४

प्रिय क्लिफर्ड,

गाडी नीट मिळाली ना? जाताना तू एक शब्दही बोलला नाहीस. स्टेशनवर हात हलवला तोही जणू माशी हाकलतोस तसा. हरणं इतकं मनाला लावून घेऊ नये.

खरं सांगायचं तर मलाही आश्चर्य वाटलं. नऊ वर्षं न पळालेली तुझी पलटण पायपुसण्याच्या गव्हापर्यंत येते काय, माझी एक साधी फैर झडते काय, आणि तू फासा टाकतोस तर एक्का! पुन्हा टाकलास, पुन्हा एक्का! चोवीसच्या चोवीस ग्रेनेडियर टेबलावरून उतरून थेट हार्मोनियमखाली. पाळकांची बायको म्हणाली, "अगं बाई, हे कुठे चालले?" तिला खेळातलं काही कळत नाही, पण तेवढं कळलं.

आता चक्की माझ्याकडे आहे. तिला खोलीत खिडकीपाशी ठेवली आहे आणि तीन दिवस बघतो आहे. एक विचारतो. मागच्या बाजूला दोन खिडक्या होत्या, आता तीन आहेत. चक्क्यांना वयाप्रमाणे खिडक्या फुटतात का?

बाबा उद्या घरी येतात. डोळ्यावरची पट्टी आठ तारखेला निघेल.

तुझा,
रूबेन


केंडल
३ सप्टेंबर १९७४

प्रिय रूबेन,

मी हरलो म्हणून गप्प नव्हतो. गाडीत बसेपर्यंत मला घाम फुटला होता, आणि घरी येऊन ग्रेनेडियरांच्या खोक्यात राहून गेलेल्या कपड्यांच्या चिमट्याबद्दल एनिडला विचारल्यावर तिलाही फुटला. तिने ग्रेनेडियरांचं सगळं सांगितलं. शेपट्या! देवाच्या घरात बसून शेपट्या रंगवल्यास तू! त्याबद्दल नंतर बोलू. आधी खिडक्यांचं.

लपवण्यात आता अर्थ नाही. चक्की मीच घालवली. एप्रिलमध्ये वाटलं की तिचा काळा रंग फिका पडला आहे, डांबरासारखा तुकतुकीत करावा. गाड्या रंगवायचा स्प्रे आणला. एक फवारा मारला आणि काय सांगू तुला, माझ्या डोळ्यांदेखत चक्की उन्हात ठेवलेल्या आइस्क्रीमसारखी खाली बसली. आधी घुमट, मग बुरूज. पात्यांची तेवढी टोकं उरली. मी शेडच्या फरशीवर बसून लहान मुलासारखा रडलो. सासरेबुवांनी १९३१ साली सिगारच्या खोक्यांतून कोरलेली वस्तू! तिचा आकार आठवून आठवून चार महिने प्लास्टरमधून नवी घडवली. तिसरी खिडकी माझी चूक.

एवढं झालं. मग लढाईनंतर घरी येताना गाडीत शांतपणे विचार करत होतो. क्रू स्टेशनला गाडी दीड तास उभी होती, दुसरं काही करायलाही नव्हतं. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

लाकूड स्प्रेने विरघळत नाही, रूबेन.

स्प्रेने काय विरघळतं हे मला कवळ्या करून करून पक्कं ठाऊक आहे. थर्माकोल. शेडमध्ये जाऊन उरलेला गोळा फोडला. आतून एक चौकोनी तुकडा निघाला, त्यावर फुलाची उठावदार नक्षी. ती नक्षी मी लढाईच्या सोमवारीसुद्धा बघत होतो. तुझ्या स्वयंपाकघरात बसून, चहा पिताना, मान वर करून.

तुकडा पाकिटात घातला आहे. तुझ्या छताला लावून बघ, जुळतो का.

क्लिफर्ड


सॉल्टरफेन
७ सप्टेंबर १९७४

प्रिय क्लिफर्ड,

जुळला.

तू चार महिने लपवलंस, मी पाच वर्षं लपवतो आहे. १९६९ च्या नोव्हेंबरात चक्की माझ्याकडे होती. तिला व्हार्निश लावलं आणि वाळायला रविवारशाळेच्या खोलीतल्या शेगडीजवळ ठेवली. तेवढ्यात बुधवारची प्रार्थना सुरू झाली. मी पुढच्या बाकावर. अर्ध्या भजनात सगळ्यांच्या नाकात सिगारचा वास शिरला. चॅपलमध्ये सिगार! म्हाताऱ्या मिसेस हॅरोबी मागे वळून वळून बघत होत्या, कोण ओढतंय म्हणून. मला मात्र कळलं होतं काय जळतंय. भजन सोडून उठायचं धैर्य झालं नाही. चार कडवी होती. आम्ही चारही म्हटली.

मग स्वयंपाकघराच्या छताला लावून उरलेले थर्माकोलचे चौकोन घेतले, वरून पुठ्ठा डकवला, आणि तीन आठवड्यांत चक्की उभी केली. बाबा तेव्हा त्यांच्या घरी राहत. लढाईच्या दिवशी येऊन लांब खुर्चीत बसत. त्यांनी ती कधी हातात घेतली नाही, आणि दर वर्षी मीच म्हणत असे, "बाबा, लाकूड बघा अजून कसं घट्ट आहे!" ते मान हलवत. मी समजत होतो, निभावलं.

आता जे सांगतो ते सांगायचं नाही अशी मी शपथ घेतली आहे. ती मोडतो. बाबांना मोतीबिंदू नाही. नाताळपर्यंत त्यांना दिसेनासं होणार आहे. डोळे आहेत तोवर स्वतःची चक्की हातात हवी, एवढंच त्यांनी मागितलं. म्हणून मला जिंकायचं होतं. म्हणून शेपट्या. आणि मे महिन्यापासून मला ती चक्की हवीही होती आणि नकोही होती, कारण त्यांच्या हातात पडणार होती ती माझी लबाडी. आता तर लबाडीचीही नक्कल पडणार आहे.

उद्या पट्टी निघते.

रूबेन


केंडल
९ सप्टेंबर १९७४, सकाळच्या टपालाने

प्रिय रूबेन,

तुझं पत्र आत्ता मिळालं. एनिड स्वयंपाकघरात रडते आहे आणि तिच्या हातात पोळपाट नाही. मला कुणी काही सांगितलं असतं तर मी गुडघ्यांवर चालत चक्की घेऊन आलो असतो. पण काय घेऊन आलो असतो, हा प्रश्नच आहे.

माझं ऐक. गप्प राहा. माझी प्लास्टरची चक्की सुबक आहे, मी म्हणतो म्हणून नव्हे. एका डोळ्याने, पट्टी काढल्या काढल्या, त्यांना किती दिसणार? मागची तिसरी खिडकी भिंतीकडे कर. ते म्हणतील, "छान," तू म्हण, "हो." सगळे सुखी. खरं सांगून तुझं मन हलकं होईल, म्हाताऱ्याच्या पदरात काय पडेल? राख.

हे तुझ्या हातात पडायच्या आत तू काही बोलला नसशील अशी आशा.

क्लिफर्ड

ता. क. मी, एनिड. याचं ऐकू नकोस. किंवा ऐक. मला काही कळत नाही.


सॉल्टरफेन
१२ सप्टेंबर १९७४

प्रिय क्लिफर्ड आणि एनिड,

तुमचं पत्र काल आलं. तोवर बोलून झालं होतं.

रविवारी पट्टी निघाली. सोमवारी चहानंतर मी प्लास्टरची चक्की त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी छताचा तो तुकडा ठेवला. त्यांनी चक्कीकडे पाहिलं, तुकड्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "हे दुसरं काय आहे?"

मी सांगितलं. शेगडी, भजन, छत, मग तुझा स्प्रे. काही गाळलं नाही. शेपट्यांचंही सांगितलं. बाबा टेबलावर हात ठेवून ऐकत होते.

मग म्हणाले, "म्हणजे माझी चक्की उरलीच नाही?"

"नाही, बाबा."

"फळीसुद्धा?"

"फळीसुद्धा नाही."

"चारही पाती जळाली?"

"चारही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "देवाचे उपकार," म्हणाले.

मला वाटलं, धक्क्याने भ्रम झाला. पण ते हसायला लागले. इतके हसले की नुकता बरा झालेला डोळा गळायला लागला आणि मी रुमाल घेऊन धावलो. "अरे गाढवा, आपल्या सॉल्टरफेनच्या चक्कीला किती पाती होती?"

मी म्हटलं, चार. मी जन्मलो तेव्हा ती पडायला आली होती, मला दोनच आठवतात.

"पाच! लिंकनशायरची चक्की होती ती, पाच पात्यांची. चाळीस मैलांवरून लोक बघायला येत. आणि मी केली चार पात्यांची. का? खोकी संपली म्हणून. चार पात्यांना लाकूड पुरलं, पाचव्याला नाही. वाटलं, कोण मोजतंय! पहिल्याच दिवशी चक्कीवाला गुडहँड घरी आला, बघितली, आणि म्हणाला, 'जोसाया, पाचवं पातं उंदरांनी खाल्लं का रे?' मरेपर्यंत तो मला बाजारात हाक मारायचा, उंदरांचं बरं आहे ना म्हणून."

क्लिफर्ड, त्रेचाळीस वर्षं हे त्यांच्या मनात सलत होतं. लढाईच्या दिवशी ते लांब का बसायचे? त्यांना ती चक्की बघवत नव्हती. ती हातात हवी होती ती डोळे भरून बघायला नव्हे. ती मोडायची होती त्यांना. चार पाती उपटून पाच लावायची होती, हात आणि नजर चालते आहे तोवर. आपण दोघांनी त्यांचं अर्धं काम आधीच करून ठेवलं होतं.

मीही हसायला लागलो. तेव्हा ते थांबले.

"जळाली त्याचं काही नाही," म्हणाले. "पण पाच वर्षं माझ्या तोंडावर लाकूड घट्ट आहे म्हणत होतास. आता मला दिसेनासं होणार. यापुढे काय कसं आहे ते मला तूच सांगणार आहेस. ते लक्षात ठेव."

मग त्यांनी कागद आणि पेन मागितलं.

खालचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला आहे. अक्षरं मोठी आहेत, रागाने नव्हे.

रूबेन

क्लिफर्ड. आठवड्याची सुट्टी काढ. सिगारची खोकी जमव, निदान वीस. प्लास्टर आणू नकोस. ही चक्की आहे, कवळी नाही. तुझी बारीक कानस आण. एनिडला सांग, मी अजून सुईत दोरा ओवतो, पण रोज थोडा जास्त वेळ लागतो. उशीर करू नकोस. जोसाया.


केंडल
१४ सप्टेंबर १९७४

प्रिय रूबेन,

सुट्टी मिळाली. शनिवारी, ५ ऑक्टोबरला येतो. त्याआधी मिसेस ब्रेथवेट यांच्या दाढा बसवल्याशिवाय मालक सोडत नाहीत.

केंडलमध्ये सिगार ओढणारे तीनच लोक आहेत. तिघांकडे जाऊन आलो. एकाने खोकी दिली, दुसऱ्याने विचारलं की मला व्यसन लागलं का, तिसऱ्याच्या बायकोने सांगितलं की तिचा नवरा सिगार ओढतच नाही. नवरा तिच्यामागे उभा राहून मला हाताने थांबायच्या खुणा करत होता. त्याच्याकडून सगळ्यात जास्त खोकी मिळाली.

सासरेबुवांना सांग, प्लास्टर आणत नाही. पण थोडं खिशात ठेवू का, बुरुजाच्या फटी बुजवायला? त्यांना न कळेल असं.

बरं, नाही आणत.

क्लिफर्ड


सॉल्टरफेन
१६ ऑक्टोबर १९७४

प्रिय क्लिफर्ड,

तू शनिवारी गेलास तेव्हा पाती बसायची राहिली होती. रविवारी बाबांनी कशाला हात लावला नाही, चॅपलला आले. सोमवारी सकाळी पाचही पाती बसवली. पाच पात्यांना मधलं भोक पाडणं म्हणजे काय ते मला आता कळलं. चार असली की काटकोन धरता येतो, पाचांना काही धरता येत नाही. बाबांनी कंपास मागितला नाही. अंगठा आणि करंगळी ताणून मोजत गेले, आणि शेवटच्या पात्याशी पोचले तेव्हा बरोबर तेवढीच जागा उरली होती.

घुमट पांढरा, बुरूज काळा, हे तू असतानाच झालं होतं. दार राहिलं होतं. ते मीच रंगवतो म्हणाले. खरी चक्की लाल दाराची होती, गुडहँडला लाल फार आवडायचा. मी विहिरीवरून पाणी आणायला गेलो. परत आलो तर त्यांनी रंगाच्या डब्यांतून स्वतःच एक उघडली होती आणि ब्रश दारावर टेकवला होता. अर्धं दार झालं होतं. मान तिरकी करून, चांगला डोळा लाकडाला जवळजवळ चिकटवून रंगवत होते.

"कसा आहे लाल?" त्यांनी विचारलं.

डबी हिरव्याची होती, क्लिफर्ड. माझ्या बंदूकधाऱ्यांच्या कोटांची.

मी बादली हातात घेऊन तसाच उभा राहिलो. तू असतास तर "झकास" म्हणून मोकळा झाला असतास, आणि मी तुला दोष दिला नसता. माझ्याही तोंडात तोच शब्द आला होता. दार एवढंसं, नखाएवढं. मैदानावर कुणाला दिसणार? आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं.

"हिरवा आहे, बाबा," मी म्हटलं.

ब्रश थांबला. डबी त्यांनी डोळ्याजवळ धरली, लांब धरली, उजेडाकडे वळवली. मग खाली ठेवली.

"दोन मिनिटं गप्प का होतास?"

"सवय मोडत होतो."

त्यांनी हूं केलं. मला वाटलं, आता दार खरवडायला सांगतील, किंवा उठून जातील. पण ते बराच वेळ त्या अर्ध्या दाराकडे तोंड करून बसले. बघत होते की नाही, सांगता येत नाही.

"हिरवा," म्हणाले. "बरं. हिरवा."

आणि ब्रश पुन्हा बुडवला. उरलेलं अर्धं दार रंगवलं, सावकाश, वरून खाली. मी वाकून बघत होतो. एक थेंबही चौकटीबाहेर गेला नाही.

तुझा,
रूबेन